तुंबलेल्या लघवीला वाट : तुपाच्या नळीपासून विजेच्या बटणापर्यंत

आज आपण लघवीवर बोलणार आहोत. हसू येत असेल तर आधी हसून घ्या, कारण पुढं बोलायचं ते गंभीर आहे. लघवी जास्त होणं, थेंब थेंब गळणं, उन्हाळी लागणं यावर आपण निदान कुजबुजत तरी बोलतो. पण लघवी भरलेली आहे, पोट टम्म झालंय आणि ती बाहेरच येत नाही, हे दुखणं कुणी कुणाला सांगत नाही. या दुखण्यावर माणसानं काय काय करून पाहिलं आणि शेवटी अंगात विजेचं छोटं यंत्र बसवण्यापर्यंत गोष्ट कशी गेली, तो इतिहास आज सांगायचा आहे.

इतिहास म्हटलं की लढाया आणि राजे. या गोष्टीतही लढाया आहेत, पण त्या संपल्यानंतर खाटेवर पडून राहिलेल्या माणसांच्या.

आधी लघवीचं काम कसं चालतं ते समजून घेऊ. आपल्या भागात गोदावरीचे आणि प्रवरेचे पाट आहेत. आवर्तन सुटलं की पाटकरी येतो, ज्याचं बारं असेल त्याचं दार उघडतो, बारं संपलं की लावून घेतो. मूत्रपिंडं दिवसरात्र लघवी तयार करत राहतात आणि ती ओटीपोटातल्या पिशवीत साठते. पिशवीच्या तोंडाशी एक गोल स्नायू आहे, तो दाराचं काम करतो. चारशे-पाचशे मिलिलिटर साठेपर्यंत पिशवी सैल राहते आणि दार घट्ट राहतं. आपण मोरीत जाऊन बसलो की उलटं होतं, पिशवी आवळते आणि त्याच वेळी दार सैल पडतं. ही दोन्ही कामं एकाच वेळी करून घेणारा पाटकरी आहे मेंदू. त्याचा निरोप पाठीच्या मणक्यांमधून जाणाऱ्या मज्जारज्जूतून खाली येतो आणि कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या बारीक नसांमधून पिशवीपर्यंत पोचतो.

मणका मोडून मज्जारज्जूला मार बसला की पाय लुळे पडतात, हे सगळ्यांना दिसतं. निरोपाची तार तुटल्यामुळं लघवीचंही सगळं बिघडतं, ते कुणाला दिसत नाही. पिशवी मनाला येईल तेव्हा आवळते, आणि ती आवळते तेव्हा दारही आवळलेलंच राहतं. लघवीला पुढं वाट नाही, मग तिचा दाब उलटा वर मूत्रपिंडांवर जातो. जंतू होतात, ताप येतो, खडे होतात, हळूहळू मूत्रपिंडं निकामी होतात. पूर्वी मणका मोडलेली माणसं पाय गेले म्हणून मरत नव्हती. ती मरत होती तुंबलेल्या लघवीनं आणि पाठीला पडलेल्या जखमांनी.

तुंबलेल्या लघवीला नळीनं वाट करून देणं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत लघवीची वाट आक्रसली असेल तर दोन्ही बाजूंनी उघडी अशी नळी तुपाचा हात लावून आत घालावी असं सांगितलंय. ती नळी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची. पुढं जगभर चांदीच्या, रबराच्या नळ्या आल्या. आज दवाखान्यात जी नळी लावतात, जिच्या टोकाला फुगा असतो आणि खाली पिशवी लटकते, ती अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली या डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाते. ती १९३० च्या दशकातली.

नळीमुळं जीव वाचतो. पण नळी कायम आत राहिली की तिच्यावरूनच जंतू आत चढतात.

दुसऱ्या महायुद्धात मणक्यात गोळी किंवा बाँबचा तुकडा लागलेले तरुण शेकड्यांनी घरी परतले. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं १९४४ साली खास विभाग उघडला. त्याचे प्रमुख होते लुडविग गुटमन. ते ज्यू होते आणि हिटलरच्या छळामुळं जर्मनी सोडून आले होते. ही माणसं थोड्या दिवसांची सोबती आहेत, त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, असा तेव्हाचा समज होता. गुटमन यांनी तो मानला नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची काळजी काटेकोर घ्यायची, आणि कायमची नळी ठेवण्याऐवजी ठरावीक वेळानं नळी घालून पिशवी रिकामी करून नळी काढून टाकायची, यावर त्यांचा भर होता. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी दवाखान्याच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यात दोन बायका होत्या. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ तिथं आहे.

या पॅरालिंपिकला आपल्या महाराष्ट्राचा धागा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर फौजेत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं, वेळ होती ३७.३३ सेकंद. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली, अलीकडं त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पदकाचा फोटो आपण कौतुकानं पाहतो. पण मणक्याला मार बसलेला माणूस पाण्यात उतरण्याआधी त्याच्या लघवीची, पाठीच्या जखमांची किती उस्तवार झालेली असते, हे फोटोत येत नाही. ही उस्तवार शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडंही उभ्या राहिल्या. मुंबईत हाजीअलीजवळ ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पुण्याला खडकीत जखमी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली सुरू झालं.

आता विजेकडं वळू. पिशवी आवळायला सांगणारा निरोप नसांमधून विजेच्याच रूपात जातो. मग मेंदूचा निरोप येत नसेल तर बाहेरून वीज देऊन पिशवीला आवळता येईल का? हा प्रश्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८७८ साली डेन्मार्कमधल्या साक्सटॉर्फ नावाच्या शल्यवैद्यानं नळीतून एक धातूची तार पिशवीत नेली, दुसरं टोक ओटीपोटावर ठेवलं आणि विजेचा सौम्य प्रवाह दिला. त्या वेळी आपल्याकडच्या खेड्यात रॉकेलचा दिवाही नवलाचा होता.

पुढं १९५० आणि ६० च्या दशकात अनेक देशांत प्रयत्न झाले. कुणी पिशवीच्या भिंतीवरच तारा शिवल्या, पण प्रवाह आजूबाजूला पसरायचा, माणसाला कळ लागायची, पाय उडायचे, तारा तुटायच्या. अमेरिकेत नॅशोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९७० च्या सुमारास मज्जारज्जूच्या खालच्या टोकातच तारा बसवल्या. काही जणांना गुण आला. पण सगळ्यांपुढं अडचण एकच होती. वीज दिली की पिशवी आवळते, पण त्याच नसांमधून दारालाही निरोप जातो आणि दारही आवळतं. मोटर चालू केली आणि व्हॉल्व्ह बंदच ठेवला तर काय होईल, तेच.

हे कोडं सोडवलं लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी. हे गृहस्थ अवलिया म्हणावेत असे. विजेवर चालणारं एक वाद्यही त्यांनी तयार केलं होतं, आणि अंध व्यक्तीच्या मेंदूवर तारा बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दिसतील का, याचा प्रयोग १९६० च्या दशकातच केला होता. लघवीच्या प्रश्नावर त्यांनी आधी बबून जातीच्या माकडांवर काम केलं. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट इतकी साधी आहे की आपल्या स्वयंपाकघरात समजावून सांगता येते.

दाराचा स्नायू बल्बसारखा आहे. बटण दाबलं की लागला, सोडलं की विझला. पिशवीचा स्नायू चुलीवरच्या तव्यासारखा आहे. तापायला वेळ लागतो, पण जाळ ओढून घेतला तरी तो बराच वेळ गरम राहतो. मग वीज सलग द्यायचीच कशाला? काही सेकंद द्यायची, थांबायचं, परत द्यायची. वीज चालू असताना दोन्ही आवळतात. वीज थांबली की दार लगेच सैल पडतं, पिशवी मात्र अजून आवळलेलीच असते. तेवढ्या वेळात लघवीची धार सुटते. परत वीज, परत थांबा, परत धार. धार अशी तुटक तुटक येते, पण पिशवी जवळजवळ रिकामी होते.

दाराला आवळण्यापासून थांबवायच्या खटपटीत भले भले अडकले होते. ब्रिंडली यांनी त्याला आवळू दिलं आणि वीज थांबवून तो सैल पडायची वाट पाहिली. सासुरवाशिणीला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

यंत्राची रचनाही ऐकण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया करून कमरेखालच्या मणक्यांमधल्या नसांच्या पुढच्या मुळांवर बारीक पकडी बसवतात. त्यांच्या तारा कातडीखालून पोटाच्या किंवा छातीच्या पुढच्या बाजूला आणतात आणि तिथं कातडीखाली एक छोटा डबा ठेवतात. त्या डब्यात बॅटरी नाही. लघवी करायची वेळ झाली की बाहेरचं एक खोकं हातात घ्यायचं, त्याची चकती त्या जागी कातडीवर टेकवायची आणि बटण दाबायचं. खोक्यातून रेडिओच्या लहरी आत जातात आणि डबा त्यांचीच वीज करून नसांना देतो. आत्ता आमचा आवाज तुमच्या घरात ज्या तऱ्हेनं पोचतोय, त्याच तऱ्हेचा हा निरोप आहे, फक्त अंतर कातडीच्या जाडीएवढं.

माणसांमध्ये ही यंत्रं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बसायला लागली. १९८२ साली ब्रिंडली, पोल्की आणि रश्टन यांनी त्यावर लेख लिहिला. १९८६ साली पहिल्या पन्नास रुग्णांचा हिशोब छापला, त्या लेखावर लिंडा कार्डोझो या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचंही नाव आहे. १९९४ साली पहिल्या पाचशे जणांचा हिशोब आला. त्यातले बहुसंख्य लोक यंत्र रोज वापरत होते. आम्हाला या लेखांची एक गोष्ट आवडते. कुणाचं यंत्र बिघडलं, कुणाला परत शस्त्रक्रिया लागली, तेही त्यात मांडलंय. आपण बचत गटाच्या वहीत थकबाकी लिहितो, तसं.

या उपायाची किंमत पैशापलीकडचीही होती. पिशवी मधेच आपली आपण आवळून लघवी गळू नये म्हणून पाठीमागच्या, जाणिवेच्या नसांची मुळं कापावी लागतात. ही पद्धत जर्मनीत साउअरवाइन या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात रूढ केली. त्यामुळं गळणं थांबतं, मूत्रपिंडांवरचा दाब कमी होतो. पण त्या भागात जी थोडीफार जाणीव उरली असेल ती जाते, आणि पुरुषांच्या शरीरसंबंधावरही परिणाम होतो. कापलेली नस परत जोडता येत नाही. त्यामुळं ज्यांचा मज्जारज्जू पुरता तुटलाय त्यांच्यासाठीच हा मार्ग. ऐकायला चमत्कार वाटला तरी, आधी काय जाणार हे नीट समजून घ्यायचं आणि मग सही करायची.

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या बाजूनं पाहू. पुरुषाला लघवी गळत असेल तर निरोधासारखी पिशवी वरून लावता येते, बाटली धरता येते. बाईच्या शरीराला तशी सोय बसत नाही. तिच्यासाठी कायमची नळी नाहीतर कपड्याच्या घड्या. म्हणून बटण दाबून लघवी करता येणं बाईसाठी जास्त मोलाचं ठरलं.

आमच्या ग्रामसंघातली एक ताई कठडा नसलेल्या गच्चीवर कुरडया वाळत घालताना मागं सरकली आणि खाली पडली. पाय गेले. दवाखान्यातून नळी लावून घरी पाठवलं, पण ती कधी बदलायची, पिशवी कमरेच्या खाली का ठेवायची, हे घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत तिला तीनदा थंडी वाजून ताप आला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा कळलं, बाईनं पाणी पिणंच कमी केलंय. सुनेला सारखी पिशवी ओतायला लावायची लाज वाटते म्हणून. हळदीकुंकवाला बोलावलं तर म्हणाली, वास येतो, नको. तिच्यासाठी लंडनचं यंत्र कुठून आणणार? पण ती गोष्ट शोधतानाच आम्हाला दुसरी गोष्ट सापडली, आणि ती तिच्या उपयोगाची निघाली.

१९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॅक लॅपिडेस या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट मांडली. माणसानं स्वतःच, घरच्या घरी, दिवसातून काही वेळा बारीक नळी घालून लघवी काढावी आणि नळी काढून टाकावी. नळी दवाखान्यासारखी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी. हात साबणानं धुतलेले हवेत. तेव्हा डॉक्टर मंडळींना हे धाडस वाटलं. लॅपिडेस यांचं म्हणणं होतं की पिशवी फार ताणली गेली की तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग जंतूंचं फावतं, म्हणून वेळेवर रिकामी करणं जास्त महत्त्वाचं. त्यांचं म्हणणं टिकलं. आज जगभर मणक्याच्या रुग्णांना पहिला उपाय म्हणून हेच शिकवतात. विजेच्या यंत्राच्या मानानं हा उपाय अगदी स्वस्त आहे. हात चालत असले आणि साबण-पाणी असलं की तो घरी करता येतो. पण शिकवून घ्यावा लागतो, मनानं करायचा नाही.

आमच्या ताईनं तो एका प्रशिक्षित परिचारिकेकडून शिकून घेतला. आरशात बघून नळी घालायला शिकायला तिला आठवडा लागला. आता चार ते सहा तासांनी मोबाइलचा गजर वाजतो. एक सांगून ठेवतो, ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा हिशोब विचारायला लाजू नका.

ज्यांचा मणका शाबूत आहे, पाय चालतात, तरीही लघवी होत नाही, अशाही बायका असतात. वीस-तीस वर्षांच्या तरुण मुली. त्यांना वर्षानुवर्षं काय ऐकावं लागलं असेल, ओळखा. मनाचे खेळ आहेत, नाटक करते. आपल्याकडं त्यात बाहेरचं काहीतरी झालंय हेही जोडतात. लंडनच्या क्लेअर फाउलर या डॉक्टर बाईंनी १९८० च्या दशकात अशा मुलींच्या दाराच्या स्नायूत बारीक सुई घालून तिथली वीज मोजली आणि तिचा आवाज स्पीकरवर ऐकला. समुद्राच्या तळाशी देवमासे गातात तसला विचित्र आवाज आला. दाराचा स्नायू सैलच पडत नव्हता. मनाचा खेळ नव्हता, स्नायूचा बिघाड होता. या आजाराला आता त्यांचंच नाव आहे.

अशा मुलींना उपयोगी पडलं ते दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला तनाघो आणि श्मिट या डॉक्टरांनी ते विकसित केलं. यात नस कापत नाहीत. त्रिकास्थीच्या छिद्रातून एक तार नसेजवळ नेऊन ठेवतात आणि हृदयाच्या पेसमेकरसारखा बॅटरीचा डबा कुल्ल्याच्या वरच्या बाजूला कातडीखाली बसवतात. सौम्य प्रवाह सतत चालू राहतो आणि मेंदू व पिशवी यांच्यातलं बिघडलेलं बोलणं सुधारतो. आधी थोडे दिवस तात्पुरती तार लावून गुण येतो का पाहतात, आला तरच कायमचं यंत्र. अमेरिकेत १९९७ साली लघवी आवरत नाही अशांसाठी आणि १९९९ साली लघवी होत नाही अशांसाठी त्याला परवानगी मिळाली. फाउलरबाईंच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणी नळीशिवाय लघवी करू लागल्या. सगळ्या नाही.

गप्प बसण्याच्या सवयीबद्दल एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापलं. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरचा, पोटातला काही ना काही आजार निघाला, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. मुंबईत २०११ साली बायकांच्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, तेव्हाही बरेच लोक आधी हसलेच होते. शिर्डीला गर्दीच्या दिवसांत प्रसाद-फुलं विकणाऱ्या आपल्या मैत्रिणी सकाळपासून लघवी धरून बसतात, हे आम्ही रोज बघतो. बाळंतिणीचंही तसंच. बाळंत झाल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरला किंवा आशाताईला लगेच सांगायचं, लाजायचं नाही. तेवढ्या वेळी एकदा नळी घालून पिशवी रिकामी केली तर पुढचं दुखणं बहुतेक वेळा टळतं.

ब्रिंडली यांच्या यंत्राचं पुढं काय झालं? १९९८ साली अमेरिकेतही त्याला परवानगी मिळाली, पण तिथं विकणाऱ्या कंपनीनं काही वर्षांतच हे काम सोडून दिलं. इंग्लंडमधून ते मिळत राहिलं. आपल्याकडं योजनेतून आलेली पिठाची चक्की सुटा भाग मिळाला नाही म्हणून बंद पडते, हे आपण पाहिलंय. इथं चक्की माणसाच्या अंगात बसवलेली असते. आतला डबा वीस-वीस वर्षं चालल्याची उदाहरणं आहेत, पण बाहेरचं खोकं बिघडलं तर दुरुस्त करणारा कुणीतरी लागतोच. आता मज्जारज्जूवर पाठीतून, अगदी कातडीवरूनही, वीज देऊन पिशवीला जागं करण्याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत चालू आहेत.

पुढच्या गुरुवारी दुपारी आपल्या ताईला आम्ही स्टुडिओत घेऊन येणार आहोत. रॅम्प नाही, पण चौघी मिळून खुर्ची उचलू. नळी, साबण, गजर, प्रवासात काय करायचं, जे विचारायचं असेल ते तिलाच विचारा. नाव सांगितलं नाही तरी चालेल.